‘थोडंसंच दुखतंय गं’ आणि दहापैकी दहा

प्रश्न : मी एका खासगी रुग्णालयाच्या सर्जिकल वॉर्डात आठ महिन्यांपासून परिचारिका म्हणून काम करते. रात्रपाळीत सव्वीस रुग्णांमागे आम्ही दोघीच असतो. मागच्या आठवड्यात आतड्याला पीळ पडल्यामुळे पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेल्या अडुसष्ट वर्षांच्या एक आजी माझ्याकडे होत्या. शून्य ते दहापैकी किती दुखते, असे विचारले की त्या म्हणायच्या, ‘थोडंसंच दुखतंय गं, तूच लिही काय ते.’ मी दोन्ही रात्री ‘२’ लिहिले. पुरुषांच्या बाजूला नडगीचे हाड मोडलेला, पायाला प्लास्टरचा स्लॅब घातलेला बावीस वर्षांचा मुलगा होता. तो सारखा ‘दहा, दहा’ म्हणून ओरडायचा, पण हातात मोबाईल असायचा. इंजेक्शन दिले तरी तासाभरात पुन्हा हाक. माझी निम्मी रात्र त्याच्यातच गेली. तिसऱ्या दिवशी आजींना ताप आला आणि ऑक्सिजन लावावा लागला. दुखेल म्हणून त्या खोकतच नव्हत्या, त्यामुळे छातीत कफ साठला होता. राउंडला मला विचारले गेले, ‘वेदना दोनच होती, तर पेशंट खोकला का नाही?’ मला उत्तर देता आले नाही. इन्चार्ज सिस्टर म्हणतात, पोट उघडल्यावर दुखणारच, त्याचे एवढे काय. आजींचा मुलगा म्हणतो, फार इंजेक्शने देऊ नका, सवय लागेल. केसपेपरवर वेदनाशामक ‘एस.ओ.एस.’, म्हणजे गरज पडल्यासच, असे लिहिलेले असते, त्यामुळे रात्री दोन वाजता डॉक्टरांना उठवायचे की नाही, हे मीच ठरवायचे. अशा वेळी कोणाचे खरे मानायचे?

उत्तर :

प्रिय सिस्टर,

राउंडला तुम्हाला विचारलेला प्रश्न चारचौघांत आणि कदाचित कडक आवाजात विचारला गेला असेल, पण प्रश्न म्हणून तो अगदी नेमका होता. वेदना दोन असलेला रुग्ण खोकतो, कुशीवर वळतो, आधाराने उठून बसतो. आजी यांतले काहीच करत नव्हत्या, म्हणजे चूक त्या ‘२’मध्ये होती. तुम्ही विचारले तेव्हा त्या उताण्या, पाय किंचित दुमडून, श्वाससुद्धा जपून घेत पडून राहिल्या असणार. स्थिर पडलेल्या पोटाची वेदना आणि खोकणाऱ्या पोटाची वेदना या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर आपल्याला प्रामुख्याने दुसरी मोजायची असते. टाके ओढले जातील या भीतीने रुग्ण उथळ श्वास घेतो, फुप्फुसांचे खालचे भाग नीट फुलत नाहीत, कफ तिथेच साचतो आणि दोन-तीन दिवसांत ताप येतो. हा क्रम तुम्ही आता प्रत्यक्ष पाहिला आहे. म्हणून यापुढे ‘किती दुखते?’ एवढेच विचारून थांबू नका. ‘आजी, एकदा खोल श्वास घ्या, आता माझ्यासमोर खोकून दाखवा’ असे सांगा, त्या वेळी चेहऱ्याकडे आणि हातांकडे पाहा, आणि मग विचारा. केसपेपरवर ‘पडून असताना २, खोकताना ८, खोकणे टाळतात’ असे लिहिलेले असते, तर राउंडला तो प्रश्न तुम्हाला विचारलाच गेला नसता. प्रश्न निघाला असता तो वेदनाशामकाच्या मात्रेविषयी.

आता ‘थोडंसंच’ या शब्दाविषयी. आपल्याकडच्या त्या पिढीतल्या बाईच्या तोंडी हा शब्द मापाचा नसतो, रीतीचा असतो. लेकीच्या वयाची पोरगी रात्रभर धावपळ करते आहे, तिला आणखी कामाला लावू नये. दुखते म्हटले तर आणखी एक सुई टोचतील. बिल वाढेल, घरी सोडायला उशीर होईल. आणि बाळंतपणात तोंडातून ‘आई गं’ निघाले नाही याचे ज्यांना आयुष्यभर कौतुक ऐकायला मिळाले, त्यांनी आता टाक्यांबद्दल कशी तक्रार करावी, एवढे सगळे त्या एका शब्दात असते. पुरुषांचेही तेच असते, फक्त शब्द वेगळे असतात. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एक वारकरी आजोबा पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रात्रभर हलक्या आवाजात ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणत पडून होते. मी सकाळी रिपोर्टमध्ये ‘रात्र शांत गेली’ असे लिहिले आणि मनातल्या मनात त्यांच्या भक्तीचे कौतुकही केले. ड्रेसिंगच्या वेळी ते सहज म्हणाले, ‘सिस्टर, कळ आली की नाव घ्यायचो, दुसरं काय हातात होतं?’ मग मला आठवले की मध्येच त्यांच्या नामाची गती वाढायची आणि मग हळूहळू पुन्हा संथ व्हायची. ती गती हाच त्यांच्या वेदनेचा आलेख होता आणि तो माझ्या कानांवर रात्रभर पडत होता. पुढच्या सगळ्या वर्षांत ‘रात्र शांत गेली’ हे वाक्य मी रुग्णाला विचारल्याशिवाय लिहिले नाही.

आकड्यांची मोजपट्टी आजींना जमत नव्हती, यात त्यांचा दोष नाही. ‘दहा म्हणजे तुम्ही कल्पना करू शकाल अशी सर्वांत जास्त वेदना’ हे वाक्य ऐकून पदवीधर माणूससुद्धा गोंधळतो. अशा वेळी आपल्याकडे रुळलेले एक माप मी वापरत आले, ते म्हणजे आणे. चलनातून आणा जाऊन कित्येक दशके झाली, पण ‘बारा आणे बरं वाटतंय’ हे गावाकडचा माणूस आजही सहज म्हणतो. ‘आजी, ऑपरेशनच्या रात्री दुखत होतं ते सोळा आणे धरा, आता खोकल्यावर किती आणे दुखतंय?’ असे विचारले की बहुतेक वेळा तात्काळ आणि विचारपूर्वक उत्तर येते. यात दोन खबरदाऱ्या घ्याव्या लागतात. एक म्हणजे रुग्ण अनेकदा वेदनेचे आणे न सांगता आरामाचे सांगतो, त्यामुळे ‘आठ आणे’ म्हणजे आठ आणे दुखते की आठ आणे कमी झाले, हे उलटून विचारावे. दुसरी म्हणजे तक्त्यातल्या रकान्यात अंदाजे आकडा लिहिला तरी शेजारी ‘रुग्णाच्या शब्दांत बारा आणे’ असे लिहावे आणि पुढच्या पाळीच्या सिस्टरनेही त्याच मापाने विचारावे. एका पाळीत आणे, दुसरीत आकडे आणि तिसरीत चेहऱ्यांची चित्रे वापरली, तर वेदना वाढली की कमी झाली हे कोणालाच कळणार नाही. आणेही जमत नसतील तर नाही, थोडे, मध्यम, खूप, सहन होत नाही असे पाच शब्द पुरतात. चेहऱ्यांची चित्रे साधारण तीन वर्षांवरच्या मुलांसाठी उत्तम आहेत, पण मोठी माणसे त्यांत आपली मनःस्थिती शोधतात. अश्रू काढलेले शेवटचे चित्र पाहून ‘मी कुठं रडतोय?’ म्हणून अलीकडच्या चेहऱ्यावर बोट ठेवणारे पुरुष मी कितीतरी पाहिले आहेत.

किती दुखते याइतकेच कसे दुखते हेही महत्त्वाचे आहे, आणि इथे मराठी आपल्याला फार मोठी मदत करते. १९७५ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या रोनाल्ड मेलझॅक यांनी वेदनेची प्रश्नावली प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांनी वेदनेचे वर्णन करणारे अठ्ठ्याहत्तर इंग्रजी शब्द वीस गटांत मांडले होते. आपल्या वॉर्डातले रुग्ण असे शब्द रोज न मागता देतात आणि आपण ते सगळे ‘पेन प्रेझेंट’ या दोन शब्दांत गुंडाळून टाकतो. ठणका लागला, ठसठसते, असे रुग्ण म्हणाला तर सूज किंवा पू यांचा विचार करून ड्रेसिंग उघडून पाहावे. पोटात कळ येऊन जाते, मुरडा येतो, गोळा येतो, हे आतडे किंवा मूत्रमार्ग यांसारख्या पोकळ अवयवाचे बोलणे असते. अंग रगरगते किंवा पाठ अवघडली, यावर कूस बदलून आणि उशी सरकवून बरेच काही साधते. मात्र आग होते, चरचरते, झिणझिण्या येतात, विजेसारखी चमक जाते, चादर लागली तरी हुळहुळते, असे कोणी म्हणाले तर कान टवकारावेत, कारण हे शब्द बहुधा मज्जातंतूंच्या वेदनेचे असतात. ती वेदना नेहमीच्या वेदनाशामकांना पुरेशी दाद देत नाही, तिच्यासाठी वेगळ्या गटातली औषधे लागतात, आणि तो शब्द डॉक्टरांच्या कानावर घातला नाही तर रुग्ण चुकीच्या गोळीवर दिवस काढत राहतो. म्हणून रुग्णाचा शब्द अवतरणचिन्हांत, जसाच्या तसा लिहा. शेजारी कुठे दुखते, कुठे पसरते, कधीपासून दुखते, कशाने वाढते आणि कशाने थांबते, एवढे लिहिले की वेदनेचे मूल्यमापन बऱ्यापैकी पूर्ण होते. जागा विचारताना ‘बोट ठेवून दाखवा’ म्हणावे, कारण ‘पोटात’ म्हणणारा रुग्ण कधी कधी छातीवर हात ठेवतो.

आता त्या मुलाकडे वळू, कारण तुमच्या पत्रातले मला सर्वांत अस्वस्थ करणारे वाक्य त्याच्याविषयीचे आहे. नडगीचे हाड मोडलेला तरुण, पायाला स्लॅब, आणि इंजेक्शन देऊनही तासाभरात पुन्हा असह्य वेदना. त्या रात्री तुम्ही त्याच्या पायाची बोटे पाहिली होती का, हे पत्रात नाही. पोटरीचे स्नायू न ताणणाऱ्या आवरणांच्या कप्प्यांत बंद असतात. आत रक्त आणि सूज साठली की कप्प्यातला दाब वाढतो आणि स्नायूंचा रक्तपुरवठा कोंडतो. याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात, आणि नडगी मोडलेल्या तरुण पुरुषांत त्याचा धोका विशेष असतो. त्याचे सुरुवातीचे लक्षण म्हणजे दुखापतीच्या मानाने अवाजवी वाटणारी, वाढत जाणारी आणि औषधाला न जुमानणारी वेदना, म्हणजेच वॉर्डात ज्याला आपण ‘नाटक’ म्हणतो ते. पायाची बोटे हलक्या हाताने वर-खाली ताणून पाहावीत. त्याने पोटरीत जीवघेणी कळ उठली, पोटरी दगडासारखी ताठ लागली, बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा आला, तर त्याच क्षणी डॉक्टरांना बोलवावे, पाय उंच उशीवर न ठेवता हृदयाच्या पातळीत ठेवावा, तोंडाने काही देऊ नये आणि स्लॅबवरचे बँडेज मोकळे करण्याविषयी फोनवरच विचारावे. बोटे गरम आहेत, पायाची नाडी लागते आहे, म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण नाडी जाते ती फार उशिरा, आणि तोपर्यंत काही तासांतच स्नायू मरायला लागलेले असतात. तुमच्या रुग्णाचे सुदैवाने तसे काही झालेले दिसत नाही. पण वेदनाशामकाची वाढती गरज हीच एक खूण असते, आणि ती रुग्णाच्या स्वभावाच्या खात्यावर टाकण्याआधी पाय पाहायलाच हवा.

आणि त्या मोबाईलचे म्हणाल, तर तो त्या वारकरी आजोबांच्या नामस्मरणासारखाच आहे. लक्ष दुसरीकडे वळवणे हा वेदना सहन करण्याचा जुना आणि उपयोगी मार्ग आहे. मोबाईल पाहणाऱ्याला दुखत नाही असे मानले, तर गप्पा मारणाऱ्यालाही दुखत नाही आणि झोपलेल्यालाही दुखत नाही असे मानावे लागेल. थकून लागलेली झोप म्हणजे आराम नव्हे. नाडी आणि रक्तदाब वाढलेला नाही, म्हणून दुखत नाही, हेही खरे नाही. काही वेळाने शरीर सरावते, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्याची नाडी वाढतच नाही.

तेव्हा कोणाचे खरे मानायचे, तर दोघांचेही. मार्गो मॅककॅफरी या अमेरिकन परिचारिकेने १९६८ मध्येच असे मांडले की, वेदना म्हणजे ती भोगणारा माणूस सांगतो ती, आणि तो सांगतो तेव्हा ती असते. वेदनेच्या अभ्यासासाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा वेदना हा नेहमीच व्यक्तिगत अनुभव असतो, माणसाने सांगितलेल्या वेदनेचा मान राखला पाहिजे, आणि बोलता न येणे म्हणजे वेदना नसणे नव्हे, अशा टिपा तिला जोडल्या. मात्र खरे मानणे म्हणजे दर वेळी इंजेक्शन भरणे असा अर्थ कोणी काढू नये. अमेरिकेत नव्वदच्या दशकात वेदनेला ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब यांच्या बरोबरीचे पाचवे जीवनलक्षण म्हणण्याची मोहीम निघाली. आकडा विचारणे सक्तीचे होत गेले, तो खाली आणणे हेच जणू यशाचे माप ठरले, आणि पुढे ओपिऑइड, म्हणजे अफूच्या वर्गातल्या, औषधांच्या अतिवापराने तिथे जो हाहाकार उडाला त्याच्या अनेक कारणांत हेही एक कारण मानले गेले. २०१६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने ती घोषणा सोडून देण्याचा ठराव केला. रुग्ण खोकतो का, वळतो का, झोपतो का, चार घास खातो का, हे साधायचे असते. आकडा ही त्या वाटेवरची खूण आहे.

ज्यांना बोलता येत नाही त्यांच्याविषयी थोडक्यात. तान्ह्या आणि लहान मुलांसाठी फ्लॅक नावाची पद्धत आहे. तीत चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत पटणे यांना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देतात. स्मृतिभ्रंश असलेल्यांसाठी पेनॅड आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांसाठी सीपॉट आहे. यांपैकी तुमच्या रुग्णालयात जी छापील असेल ती वापरा, पण घरच्यांना ‘दुखलं की या काय करतात?’ हा एक प्रश्न नक्की विचारा, कारण कपाळावरची कोणती आठी कशाची, हे सुनेला किंवा लेकीला आपल्यापेक्षा जास्त कळते.

औषध ठरवणे हे डॉक्टरांचे काम आहे, पण औषध रुग्णापर्यंत वेळेत आणि योग्य मात्रेत पोचते की नाही, हे पाहणारे डोळे आपलेच असतात. मोठ्या शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन दिवसांत वेदनाशामक केवळ एस.ओ.एस. ठेवणे म्हणजे, मागेल त्याला मिळेल, असा नियम करणे होय. आणि तुमच्या आजी मागणाऱ्यांपैकी नव्हत्या. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनेसाठी औषधांची शिडी मांडली, तेव्हापासून ‘घड्याळाप्रमाणे औषध द्यावे’ हे तत्त्व शिकवले जाते. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेलाही ते लागू पडते, कारण भडकलेली वेदना विझवायला जास्त औषध लागते. म्हणून संध्याकाळच्या राउंडलाच विचारावे, ‘सर, पॅरासिटामॉल रात्री एस.ओ.एस. ठेवू, की दर सहा तासांनी लिहून देता?’ हे विचारणे आगाऊपणाचे नाही.

हातातल्या बाटलीकडेही नीट पाहा. शंभर मिलिलिटरच्या पॅरासिटामॉलच्या बाटलीत एक ग्रॅम औषध असते आणि सवयीने ती सर्वांना पूर्ण जाते. पन्नास किलोपेक्षा कमी वजनाच्या प्रौढ व्यक्तीला शिरेतून एका वेळी किलोमागे पंधरा मिलिग्रॅम हे प्रमाण धरतात, म्हणजे बेचाळीस किलोच्या आजीला सहाशे तीस मिलिग्रॅम, बाटलीतले त्रेसष्ट मिलिलिटर. शिवाय दुखण्याच्या अनेक संयुक्त गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल असतेच, त्यामुळे बाटली आणि गोळी दोन्ही चालू असतील तर चोवीस तासांची बेरीज करावी. धडधाकट प्रौढालाही ती चार ग्रॅमच्या वर जाऊ नये, आणि यकृताचा आजार किंवा कृश शरीर असेल तर मर्यादा आणखी खाली येते. डायक्लोफेनॅकसारखे इंजेक्शन देण्यापूर्वी लघवीची पिशवी पाहावी. म्हाताऱ्या माणसाची लघवी कमी झालेली असेल तर मूत्रपिंडाच्या काळजीने ते देण्याआधी डॉक्टरांना कळवावे. ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फिन यांसारखे ओपिऑइड दिले असेल तर उलटी आणि बद्धकोष्ठता यांकडे लक्ष द्यावे, पण सर्वांत जास्त लक्ष गुंगीकडे द्यावे, कारण श्वास मंदावण्याआधी सहसा गुंगी येते. हाक न मारता आधी पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत, मग नावाने हाक मारावी. रुग्ण डोळे उघडून नीट बोलला तर ती झोप, बोलता बोलता वाक्य अर्धवट सोडून पुन्हा डोळे मिटले तर ती गुंगी. अशा वेळी, आणि श्वास मिनिटाला दहाच्या खाली आले असतील तर निश्चितच, पुढची मात्रा थांबवून, ऑक्सिजन लावून डॉक्टरांना बोलवावे आणि त्यावरचा उतारा असलेले नॅलोक्सोन कुठे ठेवले आहे हे आधीपासून ठाऊक असावे.

आजींच्या मुलाच्या भीतीला हसू नका. सवयीची भीती खोटी नाही, पण ती चुकीच्या जागी आहे. शस्त्रक्रियेनंतर थोडे दिवस, ठरलेल्या मात्रेत, आपल्या देखरेखीखाली दिलेल्या औषधाने ज्यांना पूर्वी व्यसन नाही अशांना व्यसन लागण्याची शक्यता फार कमी असते, आणि जखम भरत आली की ते कमी करत बंद केले जाते. त्याला हे सांगताना एक वाक्य जोडा : ‘आईंना न दुखता खोकता यावं, म्हणून हे औषध आहे.’ नातेवाईकाला कारण कळले की तोच आईला खोकायची आठवण करून देतो.

या सगळ्यांत आपण परिचारिका जिथे सर्वाधिक कमी पडतो, ती जागा म्हणजे परत जाणे. इंजेक्शन दिले, सही केली, वेळ लिहिली, की आपल्या लेखी काम संपते. शिरेतून दिलेल्या औषधानंतर पंधरा मिनिटे ते अर्ध्या तासाने आणि गोळीनंतर सुमारे तासाभराने पुन्हा त्याच खाटेपाशी जाऊन तोच प्रश्न त्याच मापात विचारायचा असतो. औषध लागू पडले नाही हे कळण्याचा दुसरा मार्गच नाही. तुमचा तो मुलगा तासाभराने पुन्हा ओरडत होता. अर्ध्या तासाने तुम्ही स्वतः गेला असतात, तर वेदना कमी होऊन पुन्हा वाढली की मुळात कमीच झाली नव्हती, हे कळले असते, आणि या दोन्हींचे अर्थ अगदी निराळे आहेत. सव्वीस रुग्णांत हे कसे जमावे, हा प्रश्न रास्त आहे, आणि दोघींवर सव्वीस रुग्ण टाकणे चूक आहे हे मी स्पष्ट लिहिते. तरीही वेदनेसाठी वेगळी फेरी काढू नका. टी.पी.आर.च्या, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास मोजण्याच्या, फेरीतच विचारा, आणि औषध दिलेल्या चार-पाच जणांच्या खाटांचे क्रमांक व परत जाण्याची वेळ हातातल्या चिठ्ठीवर लिहून ठेवा. गोळी किंवा इंजेक्शन ड्रेसिंगच्या, फिजिओथेरपीच्या किंवा पहिल्यांदा उठवून बसवण्याच्या आधी पुरेशा वेळाने जाईल असे पाहिले, तर एकाच मात्रेत दोन कामे होतात.

रात्री दोनला डॉक्टरांना उठवण्याविषयी माझे मत असे की, फोन करण्याचा संकोच बहुधा काय बोलावे हे ठरलेले नसल्यामुळे होतो. ‘सर, पेशंटला दुखतंय’ असे सांगितले की पलीकडून ‘एस.ओ.एस. द्या’ असे उत्तर येते. त्याऐवजी असे सांगा : ‘सर, खाट क्रमांक अकरा, आतड्याच्या शस्त्रक्रियेचा दुसरा दिवस. पॅरासिटामॉल बारा वाजता दिलं, तरी खोकताना वेदना आठ आहे, खोकणं टाळतात. श्वास सव्वीस, नाडी एकशे आठ, ऑक्सिजन त्र्याण्णव टक्के, पोट मऊ आहे, लघवी ठीक आहे. आणखी काय देता येईल, आणि तुम्ही एकदा पाहून जाल का?’ फोन करण्यापूर्वी एक मिनिट खाटेपाशी द्या. मूत्राशय फुगले आहे का, कॅथेटरची नळी पाठीखाली दबली आहे का, सलाईन शिरेबाहेर जाऊन हात सुजला आहे का, ड्रेसिंगची पट्टी आवळली आहे का, हे पाहा. तळमळणारा रुग्ण नळीचा पीळ सोडवताच शांत झाल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. आणि फोन केल्यावर ‘रात्री २.१० वाजता डॉक्टरांना कळवले, सूचना अशी’ हे लिहिल्याशिवाय पेन खाली ठेवू नका.

इन्चार्ज सिस्टरांशी वाद घालू नका. पोट उघडल्यावर दुखणार, हे त्यांचे म्हणणे बरोबरच आहे. त्यांना फक्त एवढे विचारा की, दुखणार हे आपल्याला आधीच ठाऊक आहे, तर खोकायला लावण्यापूर्वी औषध देण्याची वेळ आपण वॉर्डात ठरवून घ्यायची का. अनुभवी बाईला तक्रारीपेक्षा असा प्रश्न लवकर पटतो, हा निदान माझा अनुभव आहे.

आजी अजून तुमच्या वॉर्डात असतील, तर आज रात्री औषध दिल्यानंतर अर्ध्या तासाने त्यांच्याकडे जा. खाटेचे डोके वर करा, गुडघ्यांखाली उशी सरकवा म्हणजे पोटाचा ताण सैल होतो, दुसरी उशी घडी घालून त्यांच्या टाक्यांवर ठेवा आणि दोन्ही हातांनी ती पोटाशी घट्ट धरायला सांगा. तीन खोल श्वास, मग खोकला. पहिल्या खेपेला त्या घाबरतील, तेव्हा तुमचा हात त्यांच्या हातांवर ठेवा. नंतर किती आणे दुखले ते विचारा, जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा, आणि सकाळच्या सिस्टरला रिपोर्ट देताना उशी कुठे ठेवली आहे, तेही सांगा.